बर्डी, बोगी आणि बावखल

“थोरलीला रंग आहे, केस आहेत, हाताला काम आहे. पण उद्या तिला कुणी बोगी म्हणजे काय विचारलं, तर ती आगगाडीचा डबा सांगेल.”

आत्या ओटीवर बसून आबांना हे सांगत होती. मी आणि ताय, म्हणजे माझी थोरली बहीण, कुडाच्या पलीकडे अंगणात केळी सुकवून सुकेळी करायच्या मांडवापाशी उभ्या होतो. हात कोपरापर्यंत चिकट झालेले, माश्या वारायलाही सवड नव्हती. ताय माझ्याकडे वळली आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, “मंग? डबा नाय तर काय?” मी मान हलवली. वांद्र्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी नुकतीच घरी आले होते, पण बोगीचा आणखी काही अर्थ असतो हे मलाही ठाऊक नव्हतं. आत्यालाही ते बहुधा आदल्याच आठवड्यात कळलं असावं. पण दादरला राहणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट कळली की ती जन्मापासून ठाऊक असल्यासारखी तो नंदाखालला येऊन सांगतो, आणि आत्या तर आबांची मोठी बहीण. तिच्यापुढे आबा मान खाली घालून ऐकत.

तिने तायसाठी स्थळ आणलं होतं. मुलाच्या वडिलांना सगळे भाईसाहेब म्हणत. मूळचे आगाशीकडचे, आमच्यातलेच, पण एका पिढीपूर्वी वाडी सोडून मुंबईकर झालेले. एका विलायती कंपनीत ते कारकून म्हणून चिकटले आणि इंग्रज देश सोडून गेले तेव्हा साहेबाच्या खुर्चीवर बसले. मुलगा वसंतही त्याच कंपनीत. खुर्चीबरोबर क्लब आला, क्लबाबरोबर गोल्फ. सुट्टीच्या दिवशी पुरुष मैदानात काठ्यांनी चेंडू मारत दूरवर चालत जात, बायका व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून लिंबाचं सरबत पीत, आणि नवरे परतले की ‘आज कसं झालं’ म्हणून विचारत. ते विचारणं योग्य शब्दांत व्हावं लागे. वसंतच्या एका मित्राच्या बायकोने भर व्हरांड्यात ‘किती रन झाले’ असं विचारलं होतं, आणि तो बिचारा पुढे कित्येक दिवस क्लबात तोंड दाखवत नव्हता म्हणे. म्हणून भाईसाहेबांची अट अशी की मुलगी गावाकडची चालेल, किंबहुना गावाकडचीच हवी, कारण मुंबईच्या मुली घर सांभाळत नाहीत. पण तिला हे शब्द यायला हवेत. क्लब नव्या सभासदांना देत असे ती नवशिक्यांसाठीची हिरव्या कव्हरची चोपडी आत्याने पिशवीतून काढून आबांच्या मांडीवर ठेवली. “शालू आहे की घरात,” ती म्हणाली. “एवढी शिकवली तिला, तिने आता थोरलीला शिकवावं. पंधरवड्याने ते बघायला येतील.”

एवढी शिकवली तिला. हे वाक्य आमच्या घरात फार वेळा बोललं जाई आणि प्रत्येक वेळी ताय तिथेच कुठेतरी काहीतरी निवडत, पाखडत किंवा उपसत असे. वांद्र्याच्या मामाला मूलबाळ नव्हतं. एका मुलीला आपल्याकडे ठेवून इंग्रजी शाळेत घालतो असं तो म्हणाला, तेव्हा घरात विचार झाला तो एवढाच, की कोणती गेली तर अडणार नाही. ताय तेव्हा दहा-अकरा वर्षांची, मांडवावर चढून केळी उलटवू शकणारी, रहाट ओढणाऱ्या हेल्याला हाकू शकणारी. मी लहान, किरकिरी, सारखी आजारी. मी कामाला येत नव्हते म्हणून शिकले. हे मला कुणी सांगितलं नाही, पण सुट्टीत घरी आले की मला पाटावर बसवत आणि ताय वाढत असे, त्यातून ते कळायचं. माझं बोलणं कमी होत गेलं ते तेव्हापासून. वांद्र्याला माझी घरची बोली ऐकून मुली हसत, आणि घरी माझी वांद्र्याची बोली ऐकून आई कौतुकाने गप्प होई. दोन्हीकडे तोंड मिटून राहणं सोपं होतं.

आमचं घर तेव्हा दिवस उजाडायच्या आत जागं होई. आधी रहाट सुरू व्हायचा. हेल्याच्या गळ्यातली घंटा, लाकडी चाकाची ती लांबलचक कुरकुर, आणि मग मातीचे लोटे एकामागून एक पन्हाळीत रिते होण्याचा आवाज. पाणी पाटाने पानवेलींकडे जाई, तिथून केळींकडे. वाडीच्या खालच्या अंगाला बावखल होतं, आमच्या भागातल्या प्रत्येक वाडीला असे तसं. कडेला केवडा आणि भेंडी, मधे हिरवट स्थिर पाणी. घरात काहीही हरवलं की आई आधी म्हणे, बावखलात बघा. सुकेळ्यांच्या दिवसांत मात्र सगळं घर उन्हाच्या तंत्राने चाले. राजेळी केळी पूर्ण पिकली की ती सोलून मांडवावर ओळीने मांडायची, दुपारी उलटायची, ऊन कलायच्या आत गोळा करून पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं करता करता त्यांना मधाचा रंग येई, अंगावर गोड चिकट घाम सुटे. शेवटी केळीच्या वाळल्या सोपात त्यांच्या वळकट्या बांधायच्या. ते बांधणं तायसारखं कुणाला येत नसे. आगाशीच्या बाजारात लोक वळकटी बघून ओळखत, ही नंदाखालच्या अमक्यांची. ओळखत आबांना, अर्थात.

शिकवणी सुरू झाली ती दुपारी, आई आडवी झाल्यावर. चोपडीत पानोपानी शब्द आणि समोर त्यांचा अर्थ, मधूनमधून टोपी घातलेल्या साहेबाचं चित्र. पहिल्या दिवशी मी शाळेतल्या सिस्टरसारखी बसले आणि वाचून दाखवू लागले, तर ताय थोड्या वेळाने जांभई देत म्हणाली, “असं नाय डोक्यात जात. चल वाडीत.” तिने नारळाच्या झावळीचा दांडा तोडून घेतला, बुंध्याकडे आपोआप चपटा आणि वळलेला असतो तो. चेंडू म्हणून उंडीचं फळ. मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर फळ ठेवायचं, ती टी. पाटाकडेची गुरांनी खाऊन आखूड केलेली हिरवळ म्हणजे फेअरवे. बाजूचं गुडघाभर गवत, ते रफ. घर बांधायला आणून टाकलेली आणि तशीच राहिलेली वाळू, तो बंकर. आणि विहिरीजवळ जिथे आई भांडी घासायची तिथली मऊ, सपाट जागा म्हणजे ग्रीन. तिथे मी काठीने एक खळगा केला. ताय पदर खोचून उभी राहिली आणि पहिल्याच फटक्याला उंडी मारीबायच्या कुंपणापलीकडे गेली. मारीबाय आमची शेजारीण, चर्चला जायच्या तयारीत होती. ती कुंपणावरून डोकावून म्हणाली, “काय गो, लग्नाआदीच नवऱ्याला मारायला शिकतंस काय?” चेंडू कुणाच्या अंगावर जाणार असेल तर ‘फोर’ असं ओरडायचं असतं हे मी तायला सांगितलं, त्यानंतर ती नारळ पाडणाऱ्या गड्याच्या वतीनेही फोर म्हणून ओरडू लागली. आई झोपेतून उठून विचारी, “चार कसले मोजताय?”

पार हा शब्द समजावताना मी अडखळले. चांगल्या खेळाडूला खळगा गाठायला जितके फटके लागायला हवेत ती पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. तायने थोडा विचार केला. “म्हंजे आय एका फेरीत एक हंडा आनते, ती पार. तू अर्धा सांडून परत जातंस, ती बोगी.”

“आणि बर्डी?”

“दोन हंडे एकदम. ती मी.”

आम्ही दोघी हसलो, हसताना ती वाळूच्या ढिगावर बसली, आणि तिथेच मला विचारलं, भाईसाहेबांच्या घरात पाण्याचा नळ आहे हे खरं का. मी म्हटलं, दादरला सगळ्यांकडेच असतो, मामाकडेही आहे. “घरात?” तिने विचारलं. “चुलीपाशी?” मी हो म्हटलं. ती मुठीतली वाळू बोटांतून सोडत राहिली. नंतर म्हणाली, “मना त्या वसंताचं काय नाय. बरा असंल. पन घरात पानी येतं म्हंजे सकाळी उठून मानूस काय करत असंल गो?”

तायला त्याआधी तीन घरांनी नाकारलं होतं. खरं सांगायचं तर आबांनीच कधी नेटाने जमवलं नव्हतं. ती चोविशीत आली होती, आणि दर वर्षी सुकेळ्यांचा हंगाम संपू दे, मग बघू, असं होई. हंगाम संपला की पानवेली असत. त्यामुळे या वेळी ती त्या चोपडीच्या मागे अशी लागली, की रात्री झोपताना ओठ हलवत असे. इंग्रजी अक्षर तिला येत नव्हतं, पण शब्द तिने पाठ केले, माझ्यासारखे उच्चारले, चुकली की स्वतःच्या मांडीवर चापट मारून पुन्हा म्हटले. बोळिंजच्या ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे तिथे तीन नळ आहेत. तायने शेवटची वर्षं माझ्याकडेच काढली. ती स्वयंपाकघरातला नळ कधी पूर्ण बंद करत नसे. मी रागावले की म्हणे, वाहू दे थोडा. आमचं बावखल केव्हाच बुजवलं. त्याच्यावर आता जी इमारत आहे तिला काहीतरी लेक नाव दिलं आहे.

बघायला यायचा दिवस ठरला. आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती की थोरलीला दाखवायची असेल तेव्हा लग्नाच्या वयाच्या धाकटीला घरात ठेवायचं नाही. नजर घसरते म्हणत. शेजारी, मावशीकडे, कुठेतरी पाठवून द्यायचं. आई मला सकाळीच मारीबायकडे जा म्हणाली, मी चप्पल घातलीही होती. आत्याने अडवलं. “ते इंग्रजीत काही विचारतील, ही अडेल. शालू माजघराच्या दाराआड उभी राहू दे. मी खोकले की हळूच सांगायचं.” आई म्हणाली, “पन रीत?” आत्या म्हणाली, “रीत काय, ती दिसणार थोडीच आहे.” मी चप्पल काढून ठेवली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. पुढे घरात अनेक वर्षं असं सांगितलं गेलं की शालू मधे आली. मी मधे आले नव्हते. मला उभं केलं होतं.

ते तिघे आले. भाईसाहेब, त्यांची बायको आणि वसंत. दाराच्या फटीतून मला ओटीचा अर्धाच भाग दिसत होता. भाईसाहेबांचे चकचकीत बूट, बाईंची रेशमी निरी, आणि वसंतचे पांढरे कॅनव्हासचे जोडे, ज्यांच्यावर आमच्या वाडीतली लाल माती लागली होती आणि तो ती एका जोड्याने दुसऱ्यावरून पुसत होता. ताय सुकेळ्यांचे काप तुपावर परतून, वर ओलं खोबरं भुरभुरून घेऊन गेली. बाईंनी एक काप खाल्ला, छान म्हणाल्या, कुणी केलं विचारलं. मग भाईसाहेबांनी हात पुसले आणि परीक्षा सुरू झाली. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. लहान मुलाकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या माणसाला जशी मजा वाटते तशी मजा होती.

“टी म्हणजे?”

“चेंडू ठेवायची जागा. पहिल्या फटक्याची.”

“वा. बंकर?”

“वाळूचा खड्डा. मुद्दाम ठेवलेला.”

“मुद्दाम कशाला बरं?”

“सोपं झालं तर मजा नाय म्हनून,” ताय म्हणाली, आणि भाईसाहेब हसले. मला वाटतं त्या क्षणी ती पास झाली होती. बर्डी, बोगी, पार, सगळं तिने सांगितलं. आत्या खोकली नाही. मी दाराआड उभी राहून प्रत्येक उत्तराबरोबर ओठ हलवत होते आणि तायच्या पाठीवरच्या वेणीकडे बघत होते. आईने ती इतकी घट्ट घातली होती की मानेची कातडी ओढली गेली होती.

मग भाईसाहेबांनी विचारलं, “समजा, चेंडू पाण्यात गेला. तळ्यात. मग काय करायचं?”

चोपडीत याचं उत्तर होतं. तो चेंडू सोडून द्यायचा, दुसरा घ्यायचा आणि एक फटका दंड म्हणून धरायचा. आम्ही ते म्हटलं होतं. पण पाणी म्हटल्यावर तायच्या डोळ्यांसमोर चोपडी आली नाही. तिच्या डोळ्यांसमोर बावखल आलं.

“गळ टाकून काढायचा,” ती म्हणाली.

बाई आधी हसल्या. मग भाईसाहेब, मोठ्याने, मांडीवर हात मारत. वसंतने खाली बघितलं, पण त्याचे खांदे हलत होते. ताय गोंधळली नाही, हे मला अजून आठवतं. तिला वाटलं, त्यांना समजलं नाही. “आमची कळशी पडते ना बावखलात,” ती समजावू लागली, “दोरीला गळ बांदून काढतो आमी. पानी खोल असलं तरी येते. चेंडू काय कळशीपरीस जड हाय?”

“आमी,” बाई पुटपुटल्या. “पानी.”

भाईसाहेबांनी डोळे पुसले. “बरं, राहू दे. तेच जरा इंग्रजीत सांग पाहू. पाण्यात चेंडू गेला तर काय?”

ताय आत्याकडे बघू लागली. आत्या खोकली. मी तोंडावर पदर धरून शक्य तितक्या हळू ते इंग्रजी वाक्य सांगितलं. पण नेमका तेव्हा रहाट थांबला होता. गडी हेल्याला सोडत असावा. इतकी शांतता झाली होती की ते वाक्य ओटीवर प्रत्येकाला ऐकू गेलं, त्यातल्या वांद्र्याच्या सिस्टरांनी घोटवून घेतलेल्या प्रत्येक उच्चारासकट.

“आत कोण आहे?” भाईसाहेबांनी विचारलं.

“धाकटी,” आबा म्हणाले.

“मग आत का? बोलवा की.”

आबांनी मला हाक मारली. मी बाहेर गेले. अंगावर घरातलं लुगडं, हाताला सुकेळ्यांचा चिकटपणा. भाईसाहेबांनी इंग्रजीत नाव विचारलं, शाळा विचारली, मग एकामागून एक शब्द विचारत गेले आणि मी उत्तरं देत गेले. विचारलं की उत्तर द्यायचं, त्या शाळेने एवढंच एक माझ्यात पक्कं केलं होतं. यात माझा अपराध होता असं मी म्हणत नाही. स्वतःला अपराधी म्हणायची सवय बायकांना फार लवकर लागते, आणि मी ती मोठ्या कष्टाने सोडली आहे. मी एवढंच बघितलं की माझं चौथं की पाचवं उत्तर चालू असताना ताय उठली, रिकाम्या बशा एकात एक ठेवल्या आणि आत गेली. तिला कुणी थांबवलं नाही. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

निरोप घेऊन आत्याच आली. आनंदाने तिला दम लागला होता. “धाकटी पसंत आहे. म्हणतात, असली मुलगी घरात असून दाखवली का नाही.” आबा ओटीवरून उठून अंगणात फेऱ्या घालू लागले, त्यांना आनंद झाला की ते असं करत. “घर चांगलं हाय,” ते म्हणाले. “आपली मुलगी तिथं गेली, म्हंजे झालं. ही काय नि ती काय.” आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, “आनि वाडीलाही मानूस राह्यलं.” आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग तायला म्हणाली, “शालूच्या डोक्याला तेल लाव गो. केस बग कसे झालेत तिचे.”

ताय खोबरेल घेऊन माझ्या मागे बसली. तिची बोटं माझ्या डोक्यात फिरत होती आणि मी काहीतरी बोलायला हवं होतं. तीच बोलली. “तू जा. मना राग नाय.” मग केसांत बोटं तशीच ठेवून, “तुज्याकडं येईन कदीतरी. नळाचं पानी पिऊन जाईन.” ती हे चेष्टेने म्हणाली असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत घराने वळण घेतलं ते इतक्या सहज, की जणू पहिल्यापासून माझंच लग्न ठरत होतं. मला उन्हात जाऊ देत नसत. माझ्या हातातून झाडू काढून घेत. मला दुधावरची साय आणि तायला मांडव. आत्याने आणलेलं तायसाठीचं लुगडं आईने कपाटातून काढून माझ्या उशाशी ठेवलं आणि ते तायनेच घडी घालून ठेवलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं काय आहे, कॉलेजला जायचं होतं त्याचं काय, यातलं काहीच नाही. पण मला खुपत होतं ते हे नव्हतं. मला खुपत होतं की तायलाही कुणी काही सांगितलं नाही. आधीच्या तीन घरांनी निदान कळवलं होतं, पत्रिका जुळत नाही वगैरे. यांनी तेवढंही केलं नाही. तिला नाकारण्याचे श्रमही कुणी घेतले नाहीत. सांडलेल्या पाण्यावर पाय ठेवून जावं तसे सगळे पुढे गेले, आमच्या घरचे सर्वांत आधी.

सुपारी फोडायला ते परत आले तेव्हा भटजीही बरोबर होते. या वेळी मला ओटीवर चटईवर बसवलं होतं, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि त्या जुन्या रीतीचं अगदी उलट झालं होतं: आत ठेवलं होतं ते तायला. न उजवलेली थोरली शुभकार्यात समोर नको, असं आत्याचं म्हणणं. ती चुलीपाशी बसून पाहुण्यांसाठी सुकेळी तळत होती. तुपाचा वास ओटीपर्यंत येत होता आणि झाऱ्याचा आवाज. भटजींनी तांदूळ पसरले, नारळ मांडला. भाईसाहेब खुशीत होते. क्लबातल्या लोकांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, असं ते म्हणत होते. बावखलात गळ टाकण्याची गोष्टही सांगितली होती. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले होते. “काय ती,” ते आबांना म्हणाले, “कळशीपेक्षा जड आहे का म्हणे.”

आबा हसले.

मी आबांकडे बघितलं. ते पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसले होते, मला ते कळत होतं. आणि आतला झाऱ्याचा आवाज थांबला होता. कुडाच्या भिंतीतून आमच्या घरात सगळंच ऐकू जायचं, ते आम्हां दोघींइतकं कुणाला माहीत होतं?

वसंत वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो एवढा वेळ गप्प होता, आता जरा पुढे सरकून मला म्हणाला, “सगळे तुम्हालाच विचारतात. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.” बाईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. भटजींचा सुपारी धरलेला हात तसाच राहिला. आबा घाईने म्हणाले, “तिला काय विचाराचं असनार, ती बोलतच नाय.” ते खरं होतं. त्या घरात चार मोठ्या माणसांत मी आपणहून तोंड उघडलं होतं असं एकदाही झालं नव्हतं. जे बोलायचं ते वांद्र्याच्या भाषेत सुचेना. मी मान वळवली, आतल्या दाराकडे बघितलं, आणि कितीतरी वर्षं जिभेवर न आलेल्या आमच्या घरच्या बोलीत, ओटीवरच काय मारीबायच्या घरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

“ताय, जरा भायेर ये. या लोकांना तुना नाय म्हनाचं ऱ्हायलंय.”